छापील निर्देशिका : उपयोग की अपव्यय?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सव म्हटला की पूजन-विधान, मंदिराची रंगरंगोटी, दानशूरांचे सत्कार आणि स्मरणिका या गोष्टी ओघानेच येतात. त्यांच्या जोडीला आणखी एक विषय सभेत हमखास निघतो. तो म्हणजे समाजाच्या परिवार-निर्देशिकेची नवी आवृत्ती काढावी की नाही. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत हा प्रश्न निघाला की सभेचे दोन तट पडतात. ज्येष्ठांना हातात धरता येईल असे पुस्तक हवे असते. तरुणांना वाटते की ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल असताना शेकडो किलो कागद काळा करणे हा शुद्ध अपव्यय आहे. दोन्ही बाजूंची मंडळी समाजहिताच्याच तळमळीने बोलतात, म्हणून या प्रश्नाचा निकाल हात वर करून लावण्यापूर्वी निर्देशिका म्हणजे काय, ती आली कोठून आणि ती गेली कशी, हे पाहणे उचित ठरेल.

जगातील पहिली टेलिफोन निर्देशिका अमेरिकेतील न्यू हेवन या गावी फेब्रुवारी १८७८ मध्ये निघाली. ती एका पानाची होती. त्या पानावर अवघी ५० नावे होती आणि गंमत अशी की एकाही नावापुढे क्रमांक नव्हता. एक्स्चेंजमधील माणसाला नाव सांगायचे, तो जोडून द्यायचा. आपल्या देशात मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे १८८२ च्या जानेवारीत एक्स्चेंज सुरू झाली. कलकत्त्याच्या एक्स्चेंजला प्रारंभी ९३ ग्राहक होते. म्हणजे निर्देशिकेचा जन्मच मुळी एकमेकांना ओळखणाऱ्या थोड्या माणसांच्या यादीतून झाला. आजची समाज-निर्देशिका त्या पहिल्या पानाच्याच जवळची आहे, पुढे आलेल्या हजार पानी ग्रंथाच्या नव्हे.

स्वातंत्र्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांत आपल्या भागात फोन ही प्रतिष्ठेची वस्तू होती. अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. पैसे आगाऊ भरून ‘ओन युअर टेलिफोन’ योजनेत नंबर लावावा लागे. पेठेत एखाद्याच दुकानात फोन असे आणि साऱ्या आळीचे निरोप त्या दुकानात येत. लग्नपत्रिकेवर आणि समाजाच्या यादीत त्या क्रमांकापुढे ‘पी. पी.’ अशी दोन अक्षरे छापलेली असत. फोन शेजाऱ्याचा, माणूस आपला. खण आळीतील व्यापाऱ्याला इचलकरंजीच्या मागवाल्याशी बोलायचे असेल तर ट्रंक कॉल नोंदवून दिवसभर ताटकळावे लागे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे दर चढत जात, आणि लाइटनिंग कॉल लावला की घरात काहीतरी अशुभ घडले असावे अशी शेजाऱ्यांची समजूत होई. अशा दिवसांत टेलिफोन खात्याची जाडजूड निर्देशिका दुकानाच्या गादीशेजारी वहीखात्याच्या मानाने ठेवली जात असे. नवी आली की जुन्या पुस्तकाची पाने किराणा दुकानात पुड्यांसाठी जात, त्यामुळे तीही वाया गेली असे म्हणता येणार नाही.

या पुस्तकाचा मोठा दोष मात्र तेव्हाही लपलेला नव्हता. छापून हाती येईपर्यंत ते जुने झालेले असे. २००२-०३ च्या सुमारास स्थिर दूरध्वनीच्या जुन्या क्रमांकांपुढे २ हा अंक लागला, तेव्हा घरोघरच्या साऱ्या छापील याद्या एकाच वेळी चुकीच्या ठरल्या. सांगलीचा ०२३३ हा संकेतांक तीन अंकी, शून्य वगळून, म्हणून तेथे क्रमांक सात आकडी झाले. साताऱ्याचा ०२१६२ चार अंकी, म्हणून तेथे ते सहा आकडी राहिले. दोहोंची बेरीज दहाच. ज्यांना हे सूत्र कळले त्यांनी जुन्याच पुस्तकावर पेनने २ लिहून आणखी काही वर्षे काम भागवले.

त्यानंतर मोबाईल आला आणि खात्याची निर्देशिका तिच्या वजनानेच खाली बसली. लोकांनी स्थिर फोन काढून टाकले आणि नव्या क्रमांकांची सार्वजनिक निर्देशिका आपल्या देशात निघालीच नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००५ मध्ये सर्व प्रकारच्या फोनची एकत्रित निर्देशिका काढण्याची शिफारस केली होती, ती कागदावरच राहिली. मोबाईल हा घराचा क्रमांक नसून व्यक्तीचा आहे, आणि व्यक्तीला आपले नाव चव्हाट्यावर नको असते, हे त्यामागचे साधे कारण. परिणाम असा झाला की जे काम सरकारी पुस्तक करीत होते, ते करणारे कोणीच उरले नाही. साताऱ्यातील गृहस्थाला मिरजेतील दूरच्या आप्ताचा क्रमांक हवा असेल तर चार फोन करून पाचव्या माणसाकडून तो मिळवावा लागतो. छापील निर्देशिका कालबाह्य झाली असे जे म्हणतात, त्यांनी ही पोकळी विचारात घेतलेली नसते.

व्यापारी निर्देशिकांची, म्हणजे पिवळ्या पानांची, कथा वेगळी आहे आणि ती व्यापारी समाजाने जाणून घ्यावी अशी आहे. टाटा प्रेसने मुंबईत जाहिरातींची पिवळी पाने काढली तेव्हा महानगर टेलिफोन निगमने हरकत घेतली. ग्राहकांची यादी छापण्याचा अधिकार फक्त आमचा, असा निगमचा दावा होता. ऑगस्ट १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा प्रेसच्या बाजूने निकाल दिला आणि व्यापारी जाहिरात हादेखील घटनेच्या कलम १९(१)(अ) मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे असे सांगितले. दुकानाची पाटी, वर्तमानपत्रातील जाहिरात, या स्मरणिकेतील शुभेच्छांची पाने, या सर्वांच्या मागे आज तो निकाल उभा आहे. योगायोग असा की सतरा वर्षांनंतर, २०१२ मध्ये, अमेरिकेतील एका न्यायालयाने सिएटल शहराचा पिवळ्या पानांवर निर्बंध घालणारा नियम याच धर्तीच्या तत्त्वावर रद्द केला. शहराचे म्हणणे होते की नको असलेली जाडी पुस्तके दारात टाकली जातात आणि ती तशीच रद्दीत जातात. न्यायालयात शहर हरले, परंतु तक्रार खरी होती. न मागता दारात पडणारे पुस्तक आणि नाव नोंदवून घेतलेले पुस्तक यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पुढे जे सांगायचे आहे त्याचा पायाच हा आहे.

आता समाजाच्या निर्देशिकेकडे वळू. जैन समाजात ही कल्पना नवी नाही. ठाकुरदास भगवानदास जव्हेरी यांनी १९१४ मध्ये मुंबईहून ‘श्री भारतवर्षीय दिगंबर जैन डिरेक्टरी’ प्रसिद्ध केली. ज्या काळात बहुसंख्य गावांना फोन तर सोडाच, पक्का रस्ताही नव्हता, त्या काळात देशभरातून माहिती गोळा करून हा ग्रंथ सिद्ध झाला. दिगंबर समाजातील ८७ जाती-पोटजातींची नोंद व साडेचार लाखांच्या घरातील लोकसंख्येचा तपशील त्यात आला. आपल्या दक्षिण महाराष्ट्रातील चतुर्थ, पंचम, कासार, शेतवाळ या मंडळींना आपली गणना देशाच्या पटावर दिसली. दक्षिण भारत जैन सभेची स्थापना स्तवनिधी येथे १८९९ मध्ये झाली होती, आणि शिक्षण, वसतिगृहे, संघटन यांचा विचार करणाऱ्या पिढीला प्रथम ‘आपण किती आणि कोठे’ हे जाणून घ्यायचे होते. फोन नंबरासाठी ती यादी नव्हतीच.

त्या पुस्तकातील पत्ते दहा-पंधरा वर्षांत निरुपयोगी झाले असतील. तथापि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पुढे समाजशास्त्राचे प्राध्यापक झालेले डॉ. विलास संगवे यांनी जैन समाजाच्या सामाजिक पाहणीचा आपला इंग्रजी ग्रंथ १९५९ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा पंचेचाळीस वर्षांपूर्वीची हीच डिरेक्टरी त्यांना जातीनिहाय आकड्यांसाठी उपयोगी पडली. जनगणनेत धर्माच्या रकान्यात भलतेच लिहिले जाण्याची आपली जुनी खोड लक्षात घेता, समाजाने स्वतः केलेल्या नोंदीला वेगळे मोल आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात १४,००,३४९ जैन नोंदले गेले. सातारा जिल्ह्यातील गुजराती, मारवाडी, कच्छी कुटुंबे किती, सांगलीच्या वारणा-कृष्णाकाठची शेतकरी जैन कुटुंबे किती, त्यांपैकी किती पुण्याला गेली, हे त्या एका आकड्यातून कोणाला कळणार?

कोणी म्हणेल, हे सारे संगणकावर ठेवता येईल. अवश्य ठेवावे. पण मोबाईलवरील यादी रोज बदलते आणि कालची यादी काय होती हे आज सांगता येत नाही. जो वारला त्याचे नाव पुसले की त्याची नोंदच संपली. ज्या ॲपचा चालक दोन वर्षांत कंटाळतो त्या ॲपबरोबर सारा समाजच गडप होतो. आपल्या पूर्वजांनी धवला ग्रंथाची ताडपत्रे मूडबिद्रीत शतकानुशतके जपली. उलट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धर्मग्रंथ छापावेत की नाहीत यावरच मोठा वाद झाला. छापल्याने आशातना होते असे मानणारे पुष्कळ होते, आणि सोलापूरचे सेठ हिराचंद नेमचंद दोशी यांच्यासारखे सुधारक छपाईच्या बाजूने उभे होते. तेव्हा छापखाना नवखा होता म्हणून विरोध झाला, आज तो जुनाट झाला म्हणून होतो आहे.

अपव्ययाच्या आक्षेपाला मात्र अशी ऐतिहासिक उत्तरे देऊन भागणार नाही. कारण तो आक्षेप जैनांच्या तोंडी शोभणाराच आहे. श्रावकाच्या गुणव्रतांत अनर्थदंडविरती सांगितली आहे, आणि आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत प्रमादचर्या येते, म्हणजे प्रयोजनावाचून भूमी खणणे, पाणी सांडणे, अग्नी पेटवणे, वनस्पती तोडणे. कागदात वनस्पतिकाय आहे, अप्काय आहे, त्यामागे भट्टीचा अग्नीही आहे. यातील कळीचा शब्द ‘प्रयोजनावाचून’ हा होय. गृहस्थाला आरंभ पूर्णपणे टाळता येत नाही, पण जे करायचे त्याला प्रयोजन हवे.

हिशेब मांडून पाहू. समजा, ए-फोरच्या निम्म्या आकाराची २४० पृष्ठांची निर्देशिका काढली. तिला साठ पूर्ण कागद लागतील. सत्तर ग्रॅमी कागदाचे वजन धरता एका प्रतीचे अडीचशे ग्रॅमच्या वर, आणि कव्हरसह सुमारे तीनशे ग्रॅम भरेल. हजार प्रतींना ३०० किलो कागद. आता एका लग्नाच्या पाचशे पत्रिका घ्या. जाड कार्ड, आत तीन पाने, वर सोनेरी पेटी, मिळून शंभर ग्रॅमची एक पत्रिका धरली तरी ५० किलो झाले. म्हणजे सहा लग्नांच्या पत्रिकांइतक्या कागदात हजार कुटुंबांचे पुस्तक होते. पत्रिका जास्तीत जास्त लग्नाच्या दिवसापर्यंत जिवंत असते. काटकसरीचा प्रारंभ कोठून करावा हे यावरून दिसेल. पण याच हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. हजारपैकी सहाशे प्रती न उघडता कपाटावर पडणार असतील, तर १८० किलो कागद निखालस अनर्थदंडात जमा होतो. आजवर बहुतेक संस्थांत प्रती छापून मग वाटण्यात आल्या. जाहिरातदाराला आकडा दाखवायचा म्हणून जास्त छापल्या, हेही सर्वांना ठाऊक आहे.

मग पुस्तक खरोखर उघडते कोण? सत्तरीच्या पुढचे श्रावक, ज्यांना पडद्यावरची बारीक अक्षरे दिसत नाहीत आणि नातवाला दरवेळी विचारणे जिवावर येते. वधू-वरांच्या शोधात असलेले पालक, ज्यांना गोत्र आणि मोसाळ पाहायचे असते. आणि तिसरा गट फारसा कोणाच्या ध्यानात नसतो, तो विहारसेवा करणाऱ्यांचा. साधू-साध्वी पायी चालतात, सूर्योदयानंतर निघतात, आणि पुढच्या मुक्कामी आहार-गोचरीची व्यवस्था अगोदर कळवावी लागते. पुण्याहून सांगलीकडे येणारा मार्ग शिरवळ, भुईंज, सातारा, उंब्रज, कराड, कासेगाव, पेठ नाका, इस्लामपूर म्हणजे २०२५ मध्ये नामांतर झालेले ईश्वरपूर, आणि आष्टा असा उतरतो. प्रत्येक गावी एक-दोन घरे माहीत असली की संघ निर्धास्त. या मंडळींना आडनावांची वर्णानुक्रमणी काय कामाची? त्यांना रस्त्याच्या क्रमाने गावे हवीत. अशी यादी चार पानांत मावते आणि ती आजवरच्या निर्देशिकांत क्वचितच पाहायला मिळते.

वर्णानुक्रमाचा विषय निघालाच आहे तर थोडे विषयांतर क्षम्य मानावे. सांगलीकडे पाटील आणि चौगुले, साताऱ्याकडे शहा. ‘पाटील’ उघडले की पानेच्या पाने पाटील. टेलिफोन खात्याची निर्देशिका इंग्रजीत असे, तेव्हा चौगुले तीन ठिकाणी शोधावे लागत, कारण ज्याने जसे स्पेलिंग अर्जात लिहिले तसे ते छापले जाई. मराठी निर्देशिकेत ती अडचण नाही, पण गाव, पेठ, आणि दुकानाचे किंवा घराण्याचे चालू नाव दिल्याशिवाय पाटील सापडत नाही. शिवाय या पुस्तकांत स्त्रिया दिसत नाहीत. सून ‘सौ.’ म्हणून पतीच्या ओळीत दडते, विवाहित कन्या माहेरच्या पानावरून जाते आणि सासरच्या पानावर तिचे माहेर लागत नाही. ज्या आजीच्या स्मरणात पाच पिढ्यांची नाती आहेत, तिचे स्वतःचे जन्मनाव कोठेच छापलेले नसते. नवी आवृत्ती निघाल्यास हा दोष प्रथम दूर व्हावा. त्यासाठी ओळीमागे दोन शब्द वाढतील, त्याला अपव्यय कोणी म्हणू नये.

ऑगस्ट २०१९ च्या महापुराचा दाखला दोन्ही पक्ष देतात. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, हरभट रोड, मारुती रोडवरील दुकानांत पाणी शिरले, वीज गेली आणि मोबाईल चार्ज करता येईनात. अशा वेळी बॅटरी मेली की त्यातली सारी नावेही गेली. कागदावरची नावे राहिली असती, हे खरे. पण तळमजल्यावरच्या कपाटातील पुस्तक पुरात मोबाईलपेक्षा लवकर जाते, हेही खरे. मंदिराच्या वरच्या मजल्यावर आणि जवळच्या दुसऱ्या गावी एक एक प्रत असली, तर या वादाचे कारणच उरत नाही.

सर्वांत गंभीर मुद्दा सुरक्षिततेचा आहे आणि त्याकडे समाजाने अजून पुरेसे लक्ष दिलेले नाही. जुन्या निर्देशिकांत कुटुंबप्रमुखाचे नाव, व्यवसाय, प्रत्येक सदस्याची जन्मतारीख, शिक्षण, रक्तगट, मुले कोठे नोकरीस आहेत, असे सर्व छापलेले असे. तेव्हा ते पुस्तक शंभर-दोनशे घरांतच राही. आज कोणीही पानांचे फोटो काढतो, त्याची पीडीएफ करतो, आणि तासाभरात ती अनोळखी माणसांच्या हाती जाते. पोलीस असल्याची बतावणी करून वृद्धांना व्हिडिओ कॉलवर डांबून ठेवणाऱ्या ‘डिजिटल अरेस्ट’च्या टोळ्यांना याहून सोयीची सामग्री कोणती? मुले परदेशी, घरी दोघेच, पेढी नामांकित, ही माहिती आपणच छापून द्यावी काय? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत केला. तो कायदा डिजिटल माहितीसाठी आहे, तसाच कागदावर घेऊन नंतर संगणकात भरलेल्या माहितीलाही लागू आहे. छापखान्यात जाणारी निर्देशिका आज आधी संगणकातच तयार होते, म्हणून संमतीचा प्रश्न केवळ सौजन्याचा राहिलेला नाही.

या सर्व विचारांती विश्वस्तांपुढे ठेवण्याजोगी योजना अशी दिसते. निर्देशिका छापावी, परंतु मागणी नोंदवणाऱ्या कुटुंबांपुरतीच, आणि प्रतीचे मूल्य आगाऊ घ्यावे. जे फुकट येते ते उघडले जात नाही, हे कापडाच्या पेढीवर वाटलेल्या कॅलेंडरांवरून कोणीही सांगेल. दर कुटुंबाला एक पानी नमुना द्यावा आणि त्यावर जे छापायला संमती आहे तेवढ्यावरच खूण मागावी. जन्मतारखा, मुलींचे क्रमांक आणि मुलांच्या नोकरीचे तपशील छापूच नयेत. विवाहविषयक माहिती वधू-वर केंद्राच्या वेगळ्या नोंदवहीत ठेवावी, ती पाहायची असल्यास केंद्रात येऊन पाहावी. बदललेल्या क्रमांकांचे दोन पानी पुरवणीपत्रक दरवर्षी पर्युषणात काढावे, म्हणजे पूर्ण पुस्तक दहा वर्षांतून एकदाच पुरे. मोबाईलवरील यादी युवक मंडळाने अवश्य चालवावी, पण पुस्तकाचे मूळ प्रूफ ज्येष्ठ श्राविकांच्या हातून तपासून घ्यावे, कारण कोण कोणाची लेक आणि कोण कोणाचा भाचा हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही. प्रत्येक मंदिरात, उपाश्रयात व धर्मशाळेत एक प्रत दोरी बांधून ठेवावी, आणि जुन्या आवृत्तीची किमान एक प्रत ग्रंथभांडारात जमा झाल्याखेरीज बाकीच्या प्रती रद्दीत घालू नयेत.

संमतीपत्राचा नमुना सभेच्या शेवटी वाटण्यात येत आहे. माहेरच्या नावाचा रकाना त्यात दुसऱ्याच ओळीला ठेवला आहे.